‘आहेस ना तिकडे?’ : एका मेसेजसेवेने तरुणांचं दुखणं कसं मोजलं आणि ती कुठे चुकली

२०११ सालची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये ‘डूसमथिंग’ नावाची संस्था आहे. किशोरवयीन मुलामुलींना समाजकामात ओढणं हे तिचं काम. बेघर मुलांसाठी जुन्या जीन्स गोळा करा, अशा मोहिमांचे मेसेज ती मुलांच्या फोनवर पाठवायची. उत्तरं मोहिमेबद्दल यायची, पण दर वेळी काही उत्तरं भलत्याच विषयावरची असायची. शाळेत मुलं चिडवतात, जावंसं वाटत नाही. मी स्वतःला इजा करून घेते, आईबाबांना कळलंय. जीन्सशी त्यांचा काही संबंध नव्हता. फोनवर कुणीतरी आपल्याशी बोललं, मग आपणही आपलं सांगावं, एवढाच त्यामागचा हिशोब.

एक दिवस तिथल्या एका तरुण कर्मचारी बाईंना मेसेज आला. लिहिणाऱ्या मुलीवर बलात्कार होत होता, करणारा थांबत नव्हता, आणि कुणाला सांगायचं नाही अशी तंबी त्याने दिली होती. तो तिचा बाप होता. या मेसेजांतच एक छोटा प्रश्न होता : आहेस ना तिकडे?

कर्मचारी बाईंनी तिला लैंगिक अत्याचारपीडितांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठवला आणि मेसेज संस्थेच्या प्रमुख नॅन्सी लब्लिन यांच्यापुढे ठेवला. लब्लिन यांनी नंतर जाहीर भाषणांतून हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे. मी शाळेत समुपदेशक आहे. हा प्रसंग पहिल्यांदा वाचला, तेव्हा त्या मुलीने कुणाला विचारलं याकडे माझं लक्ष गेलं. शिक्षिकेला नाही, मावशीला नाही, पोलिसांना तर नाहीच. जीन्स गोळा करायला सांगणाऱ्या एका अनोळखी नंबरला.

त्या प्रश्नातून ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ ही संकटात सापडलेल्यांशी मेसेजवरून बोलणारी सेवा उभी राहिली. तरुणांच्या मनाचं दुखणं तंत्रज्ञानाच्या मदतीने समजून घेण्याचे जे प्रयत्न जगात झाले, त्यांत हे प्रकरण मला सगळ्यांत शिकण्याजोगं वाटतं. या सेवेने खरोखर मोठं काम केलं आणि तिची चूकही तितकीच मोठी होती. दोन्ही एकाच जागेतून निघालं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगायला हवं.

नंबर आणि रांग

ऑगस्ट २०१३ मध्ये शिकागो आणि एल पासो या दोन शहरांत सेवा गाजावाजा न करता सुरू झाली. नंबर ७४१७४१. फोनच्या कीपॅडवर डावीकडचा उभा स्तंभ बघा : सातवरून चार, चारवरून एक, पुन्हा सात, चार, एक. अंगठा एकाच सरळ रेषेत खालून वर दोनदा जातो. अंधारात, पांघरुणाखाली, न बघताही दाबता येईल असा नंबर. जाहिरातीवर खर्च न करता चार महिन्यांत अमेरिकेतल्या सर्व २९५ एरिया कोडमधून मेसेज येऊ लागले. मुलांनी मुलांना सांगितलं, बाकी काही नाही.

फोन करायचा तर आवाज होतो. शेजारच्या खोलीत आई असते, शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत बाजूला मैत्रिणी असतात. मेसेज करणारं मूल लांबून बघणाऱ्याला इतर मुलांसारखंच दिसतं, मान खाली घालून फोनमध्ये बघत बसलेलं. ज्याच्यापासून त्रास आहे तो माणूस घरातच असेल, तर हा मुकेपणा हेच मोठं संरक्षण. आमच्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं राहतात, तिथे तर फोनवर मन मोकळं करायला मुलीला गच्चीवर जावं लागतं, आणि गच्चीवर का गेलीस याचं उत्तर खाली येऊन द्यावं लागतं.

पलीकडे उत्तर देणारे होते स्वयंसेवक. ३० तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग २०० तास सेवा द्यायची, आपल्या घरून, आपल्या लॅपटॉपवर. त्यांच्यावर लक्ष ठेवायला पगारी, शिकलेले पर्यवेक्षक. संभाषण संपलं की स्वयंसेवक त्याचा विषय नोंदवायचा : एकटेपणा, घरातली भांडणं, स्वतःला इजा, खाण्याच्या सवयींचा आजार, आत्महत्येचे विचार. संभाषणाचा मजकूर तर शब्दन्‌शब्द जतन होतच होता.

आणि इथूनच तंत्रज्ञान कामाला लागलं. सुरुवातीला ही सेवा रेशनच्या रांगेसारखी होती, जो आधी आला त्याला आधी उत्तर. रात्री गर्दी झाली की परीक्षेच्या भीतीने जागा असलेला मुलगा पुढे आणि स्वतःच्या जिवावर उठलेली मुलगी मागे, असं होऊ शकत होतं. सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात असं चालत नाही. तिथे केसपेपरच्या क्रमाने नव्हे, तब्येत बघून आत घेतात. पण मेसेजची तब्येत कशी बघायची? तर साठलेल्या हजारो संभाषणांतून संगणकाला शिकवलं, की ज्या संभाषणांत शेवटी तातडीची मदत पाठवावी लागली, त्यांच्या पहिल्या काही ओळी कशा होत्या.

हाती आलं ते कुणाही अनुभवी माणसाला चकवणारं होतं. आपल्याला वाटेल, ‘आत्महत्या’ हा शब्द सगळ्यांत धोक्याचा. संगणकाला दिसलं की घरोघरी मिळणाऱ्या एका वेदनाशामक गोळीचं नाव जिथे येतं, तिथे तातडीच्या मदतीची गरज पडण्याची शक्यता त्याहून सुमारे १६ पटीने जास्त. रडक्या चेहऱ्याची इमोजीदेखील त्या शब्दापेक्षा जास्त बोलकी. (गोळीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.) थोडा विचार केला की कारण उमगतं. ‘मरावंसं वाटतं’ हे बोलणारा अजून बोलतोय. वस्तूचं नाव घेणाऱ्याचा हात वस्तूपर्यंत पोचलेला असू शकतो. असे मेसेज रांगेत आपोआप पुढे येऊ लागले. या एका सुधारणेने जीव वाचले असणार, याबद्दल मला शंका नाही.

जे सर्व्हेत येत नाही

मुलांच्या मनात काय चाललंय हे जाणून घेण्याची जुनी रीत सर्वांना माहीत आहे : वर्गात फॉर्म वाटायचे. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र १९९१ पासून दर दोन वर्षांनी हायस्कूलच्या मुलांचा असा मोठा सर्व्हे करतं. काम चोख, नमुना नीट निवडलेला. पण मूल फॉर्म भरतं ते दिवसाउजेडी, वर्गात, बाकावर, शेजारच्याची नजर कागदावर पडणार नाही एवढी काळजी घेत. आणि गेल्या बारा महिन्यांत तुला कसं वाटलं, या प्रश्नाचं उत्तर आठवून लिहितं.

मेसेज त्या क्षणी येतो. आपल्याकडेही हीच अडचण आहे, उलट जरा जास्तच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. हा अहवाल हाती आला डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये गेलेलं मूल आपल्या आकड्यांत दिसायला जवळपास दोन वर्षं लागली. आणि नोंद झाली ती मूल गेल्यानंतरची. त्याआधीच्या ज्या शंभर रात्री त्याने काढल्या, त्या कुठेच नोंदलेल्या नाहीत.

क्रायसिस टेक्स्ट लाइनकडे नेमक्या त्या रात्री होत्या. २०१४ मध्ये त्यांनी आकड्यांची गोळाबेरीज, कुणाचंही नाव-गाव न दाखवता, सर्वांसाठी खुली केली. कुठल्या राज्यातून, कुठल्या वारी, कुठल्या तासाला, कुठल्या विषयाचे मेसेज येतात हे कुणीही बघू शकत होतं. २०१५ मधल्या एका भाषणात लब्लिन यांनी काही उदाहरणं दिली : खाण्याच्या आजारांबद्दलचे मेसेज सोमवारी सर्वांत जास्त, व्यसनांबद्दलचे पहाटे पाचला, आणि आत्महत्येच्या विचारांत मोंटाना राज्य पहिलं.

शाळेत काम करणाऱ्या माणसाला यातला सोमवार फार महत्त्वाचा वाटतो. सोमवारीच का, हे आकडा सांगत नाही. पण सोमवारी डबा न खाणाऱ्या मुलीकडे बघायला तो शिकवतो. समुपदेशकाची तासिका शुक्रवारी शेवटी ठेवायची की सोमवारी मधल्या सुट्टीनंतर, एवढा साधा निर्णयही अशा माहितीने बदलू शकतो. आमच्या शाळांत वेळापत्रक शिक्षकांच्या सोयीने बनतं. मुलांच्या दुखण्यालाही स्वतःचं वेळापत्रक असतं, हे मला या आकड्यांनी पहिल्यांदा दाखवलं.

तरीही एक गोष्ट विसरायची नाही. मेसेज करणारी मुलं म्हणजे सगळी मुलं नव्हेत. ज्यांच्याकडे फोन आहे, ज्यांना नंबर माहीत आहे, ज्यांना शब्द सुचतात, तीच यात येतात. एखाद्या राज्यातून मेसेज कमी आले म्हणून तिथली मुलं सुखात आहेत असं नाही. कदाचित तिथे नंबर पोचलेला नाही. ‘किती जणांना’ या प्रश्नासाठी सर्व्हेच लागतो. ‘केव्हा, कशामुळे, कोणत्या शब्दांत’ यासाठी मात्र मेसेजइतकं जवळचं साधन मला दुसरं माहीत नाही.

घसरण

२०१६ मध्ये सेवेला मोठ्या देणगीदारांकडून २ कोटी ३८ लाख डॉलर मिळाले. कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड इथे तिच्या धर्तीवर सेवा उभ्या राहिल्या. संशोधकांनाही अर्ज करून, नियम पाळून, नावं काढलेला मजकूर अभ्यासता येऊ लागला. व्याप वाढला तसा पैशांचा प्रश्नही वाढला. दर वर्षी देणगीदारांच्या दारात उभं राहायचं, हे कुठल्याही सेवाभावी संस्थेला सुटत नाही.

२०१८ मध्ये ‘लॉरिस’ नावाची कंपनी निघाली. ती नफ्यासाठी चालणारी होती, तिच्यात क्रायसिस टेक्स्ट लाइनची मालकी होती, आणि तिची पहिली प्रमुखही लब्लिनच. विचार असा : दुखावलेल्या माणसाशी कसं बोलावं हे आपल्या स्वयंसेवकांना कळलंय. तेच शहाणपण कंपन्यांना विकू. त्यातून मिळणारा नफा परत सेवेकडे येईल. कंपनीचं काम पुढे ग्राहकसेवेच्या सॉफ्टवेअरकडे वळलं. बिल चुकलं म्हणून चिडलेल्या ग्राहकाशी कर्मचाऱ्याने सहानुभूतीने कसं बोलावं, हे सुचवणारं सॉफ्टवेअर. ते घडवायला वापरला गेला तो या मुलांच्या संभाषणांमधला मजकूर, नावं आणि नंबर काढून.

२८ जानेवारी २०२२ रोजी ‘पोलिटिको’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने हे सविस्तर छापलं. तोवर सेवेकडे ६७ लाखांहून अधिक संभाषणं जमा होती. एका माजी स्वयंसेवकाने त्याआधीच याविरुद्ध ऑनलाइन मोहीम उघडली होती, पण तिच्याकडे फार कुणी वळून बघितलं नव्हतं. बातमी आली आणि तीन दिवसांत सगळं उलटलं. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचे तेव्हाचे एक आयुक्त ब्रेंडन कार यांनी पत्र लिहून हे थांबवायला सांगितलं. ३१ जानेवारीला संस्थेने लॉरिसशी डेटाची देवाणघेवाण बंद केल्याचं आणि दिलेला डेटा काढून टाकायला सांगितल्याचं जाहीर केलं. २०२० च्या सुरुवातीपासून लॉरिसने डेटा वापरलेला नाही, असंही संस्थेचं म्हणणं होतं.

कायद्याच्या भाषेत संस्थेची बाजू लंगडी नव्हती. नावं काढलेली होती. संमतीही घेतलेली होती. मेसेज आला की पहिल्या आपोआप उत्तरासोबत अटींची लिंक जायची. पन्नासेक परिच्छेदांच्या त्या अटींत डेटाच्या वापराबद्दल लिहिलेलं होतं.

आता ती मुलगी डोळ्यांपुढे आणा, जिने विचारलं होतं ‘आहेस ना तिकडे?’ तिला उत्तर म्हणून पन्नास परिच्छेदांची लिंक गेली, आणि तिने पुढचा मेसेज टाइप केला, म्हणून ती राजी आहे असं आपण धरून चाललो. बुडणाऱ्या माणसाने दोरी धरली, म्हणून दोरीच्या मालकाच्या सगळ्या अटी त्याला मान्य झाल्या, असं म्हणण्यासारखंच हे आहे. संमती म्हणजे नाही म्हणता येणं. रात्री दोन वाजता तिला नाही म्हणता येणार होतं का?

संचालक मंडळावर डॅना बॉइड होत्या. किशोरवयीन मुलं इंटरनेटवर कशी वागतात आणि त्यांना खासगीपण कसं हवं असतं, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आहे. या निर्णयाच्या वेळी त्याही मंडळात होत्या. बातमीनंतर त्यांनी एक लांब टिपण लिहिलं : रांग आवरायला संगणकाला शिकवणं कसं गरजेचं होतं, पैसा उभा करण्याचा ताण कसा होता, लॉरिसचा निर्णय कोणत्या विचाराने घेतला, आणि तो चुकला. मी हे टिपण पुन्हा पुन्हा वाचलं आहे. मुलांच्या खासगीपणाची इतकी जाण असलेली व्यक्ती खोलीत असूनही हे घडलं, याचा अर्थ मी असा लावते : प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापासून अगदी थोडं पुढे होतं. रांगेसाठी वाचणं, मग स्वयंसेवकांना शिकवण्यासाठी वाचणं, मग संशोधकांना देणं, मग दुसऱ्या चांगल्या कामासाठी देणं. कुठल्याच पायरीवर पाटी लावलेली नव्हती की इथून पुढे नको.

माझ्या मते ती पाटी लावायची जागा स्पष्ट आहे. मुलीचा मेसेज तिला लवकर उत्तर मिळावं म्हणून वाचला, तर तो तिच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तिच्यासारख्या पुढच्या मुलीला लवकर उत्तर मिळावं म्हणून वाचला, तर तेही तिला मंजूर असेल असं मी समजू शकते. त्यापलीकडचा कोणताही वापर, मग तो कितीही चांगल्या हेतूचा असो, तिला शांत वेळी, साध्या शब्दांत, वेगळं विचारल्याशिवाय नको. आणि तिने ‘नको’ म्हटलं तरी पुढच्या वेळी उत्तर तितक्याच लवकर मिळायला हवं.

ब्रिटनमधूनही पुढे असंच प्रकरण समोर आलं. तिथल्या ‘शाउट’ या भगिनी सेवेने वैयक्तिक संभाषणं कधीही कुणाला दिली जाणार नाहीत, असं आपल्या संकेतस्थळावर लिहिलं होतं. नंतर ते वाक्य तिथून गेलं, आणि संभाषणांचा मजकूर नावं काढून इंपिरियल कॉलेजच्या संशोधनासाठी वापरला गेला. २०२३ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राने हे बाहेर आणलं. इथे विक्री नव्हती, संशोधन होतं, कामही उपयोगाचं होतं. पण आधी ‘कधीही नाही’ म्हटलं होतं, आणि ज्या मुलांनी ते वाचून लिहिलं त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. आमच्या शाळेत मी एक पेटी ठेवली आहे. पुठ्ठ्याची, वर फट असलेली, ग्रंथालयाच्या दाराशी. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. दर शनिवारी मी ती उघडते. दोन वर्षांपूर्वी एका चिठ्ठीत मुलीने लिहिलं होतं, की बाबा रात्री उशिरा घरी येतात तेव्हा ती झोपल्याचं सोंग घेते, आणि धाकट्या भावालाही तिने तसं सोंग घ्यायला शिकवलं आहे. मला वाटलं शिक्षकांना हे कळायला हवं, मुलं कशातून जात आहेत ते. महिन्याच्या बैठकीत मी ती चिठ्ठी वाचली. नाव नव्हतं. वर्ग सांगितला नाही. हस्ताक्षर कुणाला दाखवलं नाही.

बैठक संपायच्या आत तीन जणांनी ओळखलं होतं. गाव लहान. कोणाचा बाप उशिरा येतो आणि कोणाचा धाकटा भाऊ याच शाळेत आहे, हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकाने चांगल्या मनाने त्या मुलीला विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना गं?’ तिने मान हलवली आणि त्यानंतर वर्षभर ती ग्रंथालयाकडे फिरकली नाही.

मजकुरातून नाव काढता येतं, पण गोष्ट काढता येत नाही. ‘माझे बाबा इथल्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक आहेत’ या वाक्यात नाव कुठे आहे? तरी तालुकाभर कळेल. आकड्यांची गोळाबेरीज दाखवणं वेगळं आणि संभाषणाचा मजकूर हाताबाहेर देणं वेगळं. क्रायसिस टेक्स्ट लाइनने पहिली गोष्ट उत्तम केली. दुसऱ्या गोष्टीत त्यांचं काय चुकलं, ते मला त्या बैठकीमुळे आतून कळलं.

आपल्याकडे

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सुरू आहे. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ही प्रामुख्याने फोनवरची सेवा आहे. मनावर ओझं असलेल्या कुणीही, आणि अशा मुलाच्या पालकांनीही, तो निःसंकोच लावावा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ २०१२ पासून फोनवर आणि लिहूनही बोलते. लिहून बोलणं आपल्याकडच्या मुलांना फोनपेक्षा जवळचं आहे, हे मी रोज बघते. त्यामुळे मेसेजवरची मोठी सेवा मराठीतही येणार, आणि तिच्यामागे संगणक असणार. मग तो काय शिकेल?

इंग्रजीवर शिकलेला संगणक मराठी मुलाचं दुखणं ओळखणार नाही. आमची मुलं ‘नैराश्य’ लिहीत नाहीत. ती ‘टेन्शन’ लिहितात, ‘डोकं फिरलंय’ लिहितात, ‘कंटाळा आलाय’ लिहितात. कंटाळा! तासाचा कंटाळाही तोच आणि जगण्याचा कंटाळाही तोच. कुठला कुठला, ते पुढच्या-मागच्या वाक्यावरून कळतं, कधी फक्त वेळेवरून. मुलं मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत, आणि ‘नाही’ हा एक शब्द एकाच वर्गात चार स्पेलिंगांनी लिहिला जातो.

आणि ‘औषध’. शेतकरी घरात हा शब्द दोन्हींसाठी वापरतात, तापाच्या गोळीसाठी आणि फवारणीच्या विषासाठी. आजी विचारते ‘औषध घेतलंस का?’ तेव्हा ती काळजी असते. तेच शब्द एखाद्या मुलाच्या मेसेजमध्ये आले तर जीव धोक्यात असू शकतो. अमेरिकेच्या संगणकाला एका गोळीचं नाव सापडलं, तसं आपल्या संगणकाला ‘औषध’ नीट वाचायला शिकवावं लागेल. ते काम विदर्भ-मराठवाड्यात दवाखान्यात, शाळेत, आशाताईंसोबत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसांशिवाय होणार नाही. पुण्या-मुंबईत बसून शब्दांची यादी करून तर मुळीच नाही.

कायद्याचाही पेच आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘मूल’ आहे, आणि मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आरोग्यसेवा देणाऱ्यांना नियमांत सूट ठेवली आहे, पण घरून उत्तर देणारे प्रशिक्षित स्वयंसेवक त्या सवलतीत सहज बसत नाहीत. आता पुन्हा त्या पहिल्या मेसेजकडे या. बाप अत्याचार करतो म्हणून मुलगी लिहिते आहे, आणि उत्तर देण्याआधी बापाची संमती आणायची? दुसऱ्या बाजूला २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशी गोष्ट कळली की ती कळवणं बंधनकारक. म्हणजे मुलगी ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली तरी सांगावंच लागणार, आणि ते तिला आधीच, पहिल्याच उत्तरात, दोन ओळींत सांगायला हवं : काही गोष्टी मी कुणाकडेही बोलणार नाही, काही गोष्टी मला तुझ्यासाठी बोलाव्याच लागतील, आणि त्या वेळी मी तुझ्यासोबत असेन. पन्नास परिच्छेदांऐवजी या दोन ओळी. ही सेवा जे कुणी बांधतील त्यांनी त्या लिहिण्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा.

त्या बैठकीनंतर मी पेटी महिनाभर बंद ठेवली. मग परत ठेवताना तिच्यावर एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ही पेटी फक्त मी उघडते. चिठ्ठी मी कुणाला वाचून दाखवत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुम्हाला हात लावत असेल, तर मला पुढे सांगावं लागतं. शक्य असेल तर आधी तुम्हाला विचारून. महिन्याच्या शेवटी मी चिठ्ठ्या फाडून टाकते. किती चिठ्ठ्या आल्या आणि कोणत्या विषयावर, एवढंच वहीत लिहिते. वही कुणीही बघू शकता.

आधी दर शनिवारी वीस-बावीस चिठ्ठ्या निघायच्या, बऱ्याचशा एका ओळीच्या. त्या शनिवारी नऊच निघाल्या. त्यांतल्या सात पानभर होत्या, आणि एका चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं.